पूजेतल्या साखळ्या

“साखळ्या कुटं हायत, ईरप्पा?”

महिपती ड्रायव्हर भट्टीच्या दारात उभा होता. ईरप्पा लोहारानं नुसतं आत बघितलं. ऐरण, घण, सांडशी, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं होतं, झेंडूच्या माळा पडल्या होत्या आणि मधोमध, मानाच्या जागी, त्या दोन नव्याकोऱ्या साखळ्या वेटोळं करून ठेवल्या होत्या. खंडेनवमीचा दिवस. आता उद्या दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यातल्या कशालाही बोट लावायचं नाही, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

महिपतीनं कपाळावर हात मारला. त्याच्या मालकानं, महादेवप्पाशेटनं, अक्कलकोटात तेलाची गिरणी घातली होती. तिचं इंजिन लॉरीला मागून ट्रेलर जोडून न्यायचं होतं. ठरलं होतं दसरा झाल्यावर. पण गिरणी सुरू करायचा मुहूर्त ऐनवेळी दसऱ्याच्या सकाळचाच निघाला आणि शेटजींचं फर्मान सुटलं, इंजिन आजच हललं पाहिजे. आता बोला!

चूक म्हटली तर ईरप्पाचीच. वर्षातलं सगळ्यात चांगलं काम पूजेत मधोमध मांडायचं, ही त्यांच्या घरची रीत, आणि यंदा या साखळ्यांसारखं दुसरं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. शेटजी म्हणाले होते, ट्रेलर अडकवायला एक आकडा कर आणि मोकळा हो. पण ईरप्पा कसला ऐकतोय! त्यानं आधी चाळीस मणांचं ते धूड स्वतः जाऊन पाहिलं. लॉरीची उंची मोजली, ट्रेलरच्या दांडीची मोजली, आणि दांडी सपाट राहील अशा बेतानं आकडा खाली उतरवून बसवला. आकडा वर राहिला तर ट्रेलरचं तोंड उचलतं आणि चढउताराला तो सुटायला बघतो. मग साखळ्या. त्याही दोन, दांडीखालून एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. आकडा सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी. आखूड केल्या तर वळणावर ताणतात, लांब केल्या तर रस्त्याला घासून झिजतात. आठ दिवस तो माणूस एकेक कडी ठोकत होता. महिपती थट्टेनं म्हणालासुद्धा, की एवढ्या मायेनं कुणी लेकीचे दागिने घडवत नाही.

लेक कुठली! ईरप्पाला मूलबाळ नव्हतं. बायको निंगव्वा होती, ती चैत्रात गेली. तेव्हापासून भट्टी आणि घर, दोन्हीकडं त्याचं तोंड मिटलेलं. शेजारी थोरला भाऊ ईश्वरप्पा राहायचा. त्याच्याकडं दोन वेळा ताटावर बसायचं, पोरांचा कलकलाट ऐकायचा, वहिनीची चार बोलणी खायची, एवढाच काय तो माणसाचा सहवास उरला होता. खोटं कशाला बोला, ईरप्पा त्या ताटासाठी नव्हे, त्या कलकलाटासाठी जायचा. आणि यंदाची पूजाही निंगव्वाच्या जागी त्याच वहिनीनं, गुरम्मानं, पहाटे न्हाऊन मांडली होती.

महिपती म्हणाला, राहू दे, दोरखंड बांधतो आन जातो. एक दिवसाचा तर प्रश्न हाय.

अक्कलकोटच्या वाटेवर ओढ्याचा उतार होता. सणाला निघालेली माणसं, बायाबापड्या, बैलगाड्या, सगळी त्याच उतारानं चाललेली. आकडा त्याच्या हातचा होता, त्यावर त्याचा भरवसा होता. पण नव्या लोखंडात आत कुठं चीर असेल हे कोण सांगणार? ती बाहेरून दिसत नाही. आणि चाळीस मणाला दोरखंड म्हणजे काहीच नाही.

तो उठून पूजेकडं गेला. गुरम्मा नैवेद्याचं ताट घेऊन तेवढ्यात आली आणि “बेडा, बेडा” म्हणत आडवी उभी राहिली. नको, हात लावू नका. ईरप्पानं तिला सगळं समजावून सांगितलं, उताराचं, माणसांचं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

“चैत्रात एक माणूस गेलं ह्या घरातनं,” ती म्हणाली. “आता माज्या लेकरांवर आणताय व्हय, भावजी? उचला साखळ्या, आन उद्यापासनं माज्या हितं ताटाला येऊ नका.”

“वहिनी, उतारावर माणसं चालत्यात.”

एवढंच बोलून त्यानं वाकून नमस्कार केला, माळ बाजूला सारली आणि साखळ्या खांद्यावर टाकल्या. लॉरीखाली उताणा पडून स्वतःच्या हातानं अडकवल्या. लॉरी हलली तेव्हा तो वाकून साखळ्यांकडंच बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महिपती परत आला तो हसतच. आपट्याची पानं ईरप्पाच्या हातात देऊन म्हणाला, “तुमचा आकडा जागचा हलला न्हाय की! साखळ्या नुसत्या लोंबत गेल्या. उगंच पूजा मोडलीसा.”

ईरप्पानं विचारलं, रस्त्याला घासल्या का? नाही म्हणाला. वळणावर ताणल्या का? तेही नाही. म्हणजे लांबी बरोबर होती. ईरप्पाला बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि महिपती गेल्यावर मनात आलं, की एकदा तरी आकडा सुटायला हवा होता. नुसता हिसका बसून साखळ्यांनी धरलं असतं, म्हणजे वहिनीला सांगायला काही तरी राहिलं असतं. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. उतारावरची ती सगळी माणसं आपापल्या घरी सुखरूप सणाला बसली होती, आणि याला काय सुचत होतं!

तो आपट्याची पानं घेऊन भावाच्या दारात गेला. ईश्वरप्पानं पानं घेतली, पाया पडू दिलं, पाठीवर हातही ठेवला. आतून होळगीचा, पुरणाच्या पोळीचा, वास येत होता, पोरं ताटावरून भांडत होती. गुरम्मा चुलीपुढं पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. ईश्वरप्पा हळूच म्हणाला, “दोन दिस जाऊ दे.”

“व्हय,” ईरप्पा म्हणाला.

घरी येऊन त्यानं निंगव्वाची परात फडताळातून काढली आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी साबूत उतरली. ती ताटात घेऊन तो भावाच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसला आणि पलीकडचा गलबला थांबेपर्यंत सावकाश जेवला.