लाल वायर, काळी वायर

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. टॅक्सीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या वायपरला हलवण्यासाठी माझा जन्म झाला. माझे अंग मुठीएवढे आणि कामही तेवढेच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पुढचा रस्ता माझ्यामुळे दिसे. मला मात्र तो कधी दिसला नाही.

ती टॅक्सी आनंदा चालवत असे. तो मूळचा टॅक्सीवाला नव्हता. परळच्या गिरणीत तो माग चालवायचा. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या लयीत वाढलेले हात परक्या गाडीच्या चाकावर आले. एकदा मालकाने मला उतरवून नवी मोटर बसवली. भंगारात जाणारी मी आनंदाच्या खिशातून लालबागच्या चाळीत, त्याच्या मुलाच्या हाती पोहोचले. त्या मुलाचे नाव वीरेंद्र. माझी गोष्ट खरे तर त्याचीच आहे. मी फक्त तिच्यात फिरत राहिले.

वीरेंद्रने मला घासलेट लावून पुसले आणि शिवणयंत्राचे तेल पाजले. गणपती जवळ आले होते. चाळीत घरोघरी हलते देखावे असत. कुठे हत्ती सोंड हलवी, कुठे कृष्ण कालियाच्या फण्यावर डुले. वीरेंद्रने पुठ्ठ्याचा माग केला, त्यापुढे पुठ्ठ्याचा माणूस उभा केला आणि त्याचा हात माझ्या दांड्याला जोडला. मी फिरले, धोटा इकडून तिकडे धावू लागला. चाळ पाहायला लोटली.

"आनंदा, तुझी गिरणी चालू झाली रे," शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या. सगळे हसले.

आनंदा हसला नाही. गर्दी गेल्यावर तो देखाव्यासमोर उकिडवा बसला, बराच वेळ.

"ह्यो माग तरी बंद पडाचो नाय ना रे?" त्याने मुलाला विचारले.

"नाही बाबा. मी आहे ना," वीरेंद्र म्हणाला. त्याच क्षणी तो इंजिनिअर झाला असे मला वाटते. माटुंग्याच्या कॉलेजने नंतर फक्त पदवी दिली.

पुढे तो लिफ्टच्या कंपनीत लागला. गिरण्यांच्या जागी मनोरे उगवू लागले होते. जिथे त्याचा बाप मागापुढे उभा राहिला होता, त्याच जमिनीतून आता वीरेंद्र माणसांना आभाळाकडे नेत होता. याचा त्याला अभिमान होता की खंत, हे मला कधी कळले नाही. लिफ्ट अडकली की तो जेवण टाकून धावे. पण दर वर्षी चतुर्थीपूर्वी बिस्किटांच्या डब्यातून मला काढी, तेल देई आणि नवा देखावा मांडी. विसर्जनानंतर मला गिरणीच्या मांजरपाटात गुंडाळून पुन्हा डब्यात निजवी. त्या कापडाला अजून खळीचा वास येई.

मग त्याच्या घरात ललिता आली. तिचे माहेर सिंधुदुर्गात, खाडीपलीकडे. तिचे वडील लोकांना होडीतून खाडी पार करून देत. लग्नानंतर मुंबईला निघालेल्या लेकीला त्यांनीच अलीकडच्या काठावर आणून सोडले होते.

"आबांची होडी कधी वळायची नाही," ती सांगे. "दोन्ही टोकं सारखीच. आम्हाला सोडलं आणि उलटं वल्हवत मागे मागे गेले. तोंड माझ्याकडेच. पाठ दिसलीच नाही त्यांची."

पुढे खाडीवर पूल झाला. होडी कुजली, आबाही गेले. "एकदा गणपतीपुढे आबांची होडी करा ना," ललिताने एवढेच मागितले. त्या वर्षी नव्या मनोऱ्याचे काम होते. "पुढच्या वर्षी नक्की," वीरेंद्र म्हणाला. पुढच्या वर्षी अक्षदाचा जन्म झाला. नंतर घर बदलले. लालबाग सुटले, प्रभादेवी आले. ऐन गणपतीत कुठली ना कुठली लिफ्ट बंद पडे. घाईत कधी कारंजे व्हायचे, कधी मोर. होडी राहायची. विसर्जनाच्या वाटेवर सारे जण देवाला पुढच्या वर्षी लवकर या म्हणत. ललिता त्यात आपला आवाज मिसळी, आणि नवऱ्याकडे पाही.

काही वर्षे तर मी डब्यातून निघालेच नाही. अक्षदाने फोनवरून रंग बदलणारे दिवे आणले. माझ्या पत्र्यावर गंज चढू लागला. "बाबा, हे भंगार का ठेवलंय अजून?" तिने एकदा विचारले.

"भंगारातूनच आलीय ती. परत पाठवायची नाही," तो म्हणाला. डब्याच्या अंधारात मी ते वाक्य कितीदा तरी फिरवले असेल.

वीरेंद्र निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात त्याने होडी करायला घेतली. दोन्ही टोके सारखी. सागाच्या तुकड्यांचे आबा, कमरेला लाल पंचा. मी होडीच्या तळाशी बसले. लाल आणि काळी वायर जोडून त्याने बटण दाबले. वल्हे फिरू लागले. ललिता पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, आबा एवढी घाई नव्हते करत. यांची काय लिफ्ट अडकलीय?"

तो मनापासून हसला. वीज कमी केली तर म्हातारपणामुळे मी अडखळत होते. "उद्या शिवाजी पार्कची फेरी झाली की दादरहून छोटी पुली आणतो. मग बघ, सावकाश येतील तुझे आबा."

सकाळी तो गेला. मैदानाच्या कट्ट्यावर बसला, असे बरोबरचे लोक नंतर सांगत होते. बसला, तो उठलाच नाही.

मित्रांनो, मृत्यू झालेल्या घरात वर्षभर सण नसतो. यंदा चतुर्थीला आमच्याकडे पाट रिकामा होता. खालच्या मजल्यावरची आरती जिन्यातून वर येत होती. ललिता उठली आणि होडी तिने त्या रिकाम्या पाटावर आणून ठेवली.

"अक्षू, लाव गं जरा."

अक्षदाने वायरी जोडल्या. आईचे बोलणे तिला आठवत असावे. तिने वीज अगदी कमी ठेवली. त्या विजेवर मी आजवर कधी फिरले नव्हते. गंजलेल्या अंगातली सारी ताकद मी गोळा केली. थरथरले. मग वल्हे हलले. सावकाश, अगदी सावकाश.

"आई, उलटी चाललीय गं. वायरींची अदलाबदल झाली. थांब, बदलते."

ललिताने तिचा हात धरला.

"राहू दे. सोडून परत जाताना अशीच जायची."

आरती संपली. मी फिरत राहिले.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कुणी पडले असेल तर त्याला थेंबभर तेल द्या. आणि घरातल्या कुणी तुमच्याकडे काही छोटेसे मागितले असेल, तर ते याच वर्षी करा. पुढचे वर्ष देवाला ठेवावे. त्याला परत येता येते.

मला आता डब्यात ठेवत नाहीत. संध्याकाळी दिवा लावला की ललिता बटण दाबते. लाल वायर अजून काळीच्या जागी आहे.