वाघजाईपुढचे धोंडे

सुमारगडाच्या पायथ्याला वाघजाईचं ठाणं आहे. ठाणं कसलं, एक दगडी चौथरा, त्यावर शेंदूर फासलेली देवी, आणि डोक्यावर छप्पर म्हणून आंब्याची एक फांदी. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने बाजूच्या ओहोळातला एक धोंडा उचलून ह्या चौथऱ्यावर ठेवायचा, आणि खाली उतरला की तो उचलून पुन्हा ओहोळात टाकायचा. गवत कापायला जाणारी बाई असो की शिकारीला आलेला मामलेदार, ह्यातून कुणाची सुटका नाही. वर गेलेली माणसं देवी मोजून घेते म्हणतात. देवी मोजते की नाही ते तिचं तिला ठाऊक, पण वाटाड्याला मात्र मोजावीच लागतात. त्याने आपला धोंडा सगळ्यांच्या मागाहून टाकायचा, बाकीचा चौथरा रिकामा झाल्याचं बघून. सदूला त्याच्या बापाने गडाची वाट दाखवायच्या आधी हे शिकवलं होतं. आणखी एक शिकवलं होतं: चढताना वाटाड्या पुढे, उतरताना मागे.

हे दुसरं तो त्या दिवशी विसरला. विसरला म्हणण्यापेक्षा त्याने ते सोडलं, आणि कुणासाठी सोडलं ते आता सांगतो.

साल चौतीस, पौष महिना. मुंबईहून गड बघायला एक मंडळ आलं होतं, अकरा असामी. त्यांचे म्होरके आप्पासाहेब जोगळेकर, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पायांना पट्ट्या, डोक्यावर टोप, गळ्यात शिट्टी, खिशात नावांची यादी. शिट्टी वाजली की यादी वाचायची आणि प्रत्येकाने ‘हजर’ म्हणायचं. शाळा सुटली तरी मास्तर सुटला नाही, असला प्रकार. पण माणूस अभ्यासू होता. आधी बघितलेल्या रसाळगडावरच्या एकेका तोफेवर त्यांनी असा हात फिरवला, की सदूला वाटलं, दावणीची गुरं सुद्धा आपण कधी इतक्या मायेने थोपटली नसतील.

ओझ्याला जनी होती. सदूच्याच वाडीतली, पन्नाशीची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली बाई. मणभर ओझं डोक्यावर घेऊन ती चढण चढायची आणि वर तोंडाचा पट्टाही चालू ठेवायची. आप्पासाहेबांनी चहासाठी स्टो आणला होता, तो तिच्याच डोक्यावरच्या हाऱ्यात, म्हणजे टोपलीत. “सदू मेल्या,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “हे मुंबयवाले लाकडाच्या रानात लोखंडाची चूल घेऊन फिरतायत. ह्यांना गड काय कळणार?”

सदूला हसू आलं होतं, पण त्याने ते दाबलं. कारण त्याचं सगळं पुढचं आयुष्य ह्या दौऱ्यावर टांगलेलं होतं. मुंबईहून त्याच्या भावाचं, महिपतचं, पत्र आलं होतं: गिरणीत जागा आहे, शिमगा झाला की निघ. वाडीतले निम्मे पुरुष गेलेच होते. सदूला जायचं नव्हतं. ते गिरणीचे भोंगे, ती एका खोलीत झोपणारी वीस माणसं, एकदा बघून आला होता तेवढं बस्स झालं होतं. आणि परवा आप्पासाहेब आपण होऊन म्हणाले होते, “सदू, काम चोख झालं तर तुला मंडळाचा कायमचा वाटाड्या करतो. तसं पत्रच देतो. हंगामात तीन-चार तुकड्या येतील.” एवढं झालं तर भाताच्या जोडीला ते पुरलं असतं. बायको गोदा तर देवापुढे साखर ठेवून मोकळी झाली होती. बाशिंगाआधी वरात!

शेवटच्या दिवशी सुमारगड. चौथऱ्यावर धोंडे ठेवले गेले. अकरा मंडळींचे, बारावा जनीचा, तेरावा सदूचा. आप्पासाहेबांनी आपला धोंडा ठेवला खरा, पण हसत. “भोळ्या समजुती,” ते शेजारच्या हरिश्चंद्राला म्हणाले. हा हरिश्चंद्र त्यांच्याच कचेरीतला उमेदवार कारकून, त्यामुळे तोही हसला.

गड बघून झाला, कोरीव टाक्याचं पाणी पिऊन झालं, स्टोवर चहा झाला. उतरायला लागले तेव्हा सदू नेहमीप्रमाणे मागे राहिला, तर आप्पासाहेबांनी हाक मारली. “अरे, तू मागे काय करतोस? पुढे चल. ही खोऱ्यातली गावं कुठली ती सांगत चल मला.” सदू घुटमळला. मागे जनी आहे, तिला वाट पाठ आहे, काय बिघडतंय, असं मनाशी म्हणाला आणि पुढे झाला. पत्र डोळ्यांसमोर नाचत होतं ना!

वाघजाईशी पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. खेडहून सुटणारी मोटर गाठायची होती. ती चुकली तर सकाळची दाभोळची आगबोट चुकणार, आणि आप्पासाहेबांची रजा संपत आलेली. शिट्टी वाजली. यादी वाचली. अकरा वेळा ‘हजर’ झालं. एकेकाने धोंडा उचलून ओहोळात टाकला. मग सदू आपला उचलायला वाकला आणि तसाच राहिला. चौथऱ्यावर दोन धोंडे होते.

“चल रे, आटप,” आप्पासाहेब म्हणाले.

“सायब, माणूस कमी हाय.”

“कोण कमी? आत्ताच तर मोजले. सगळे आहेत.”

“जनीकाकी न्हाय.”

“हां, ती!” आप्पासाहेब अगदी सहज म्हणाले. “माझी दुर्बीण टाक्यापाशी राहिली होती, तिला आणायला पाठवलंय. येईल मागून. ती इथलीच आहे.”

“कवा पाठवलंत?”

“उतरायला लागलो तेव्हाच. पहिल्याच वळणावर. तू पुढे होतास.”

दीड तास होऊन गेला होता. जनीची चाल त्याला ठाऊक होती. ती कधीच त्यांच्या पुढे येऊन बसायला हवी होती. पौषात सुमारगडाच्या उतरणीवर गवत वाळून इतकं गुळगुळीत होतं, की शेळीचासुद्धा पाय ठरत नाही. आणि त्या उतरणीवर सगळ्यांच्या मागे राहायला हवा होता तो हा शहाणा, गावांची नावं सांगत पुढे चालला होता. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“म्या वर जातंय,” तो म्हणाला.

“आणि आम्ही? मोटर सहाची आहे. वाट आम्हाला ठाऊक नाही.” आप्पासाहेबांचा आवाज चढला. “हे बघ सदू, आत्ता आमच्याबरोबर निघालास तर पत्र देतो. नाहीतर पत्राचं विसर. वाडीतून दुसरा कुणी पाठव तिच्यासाठी.”

वाडी तासाभराच्या वाटेवर होती. दुसरा माणूस येईपर्यंत अंधार पडला असता, आणि त्या रानात बिबट्या होता. उगाच कशाला खोटं सांगू, सदूने खरंच विचार केला. गिरणीचा भोंगा त्याला ऐकू आला. मग त्याने चौथऱ्यावरच्या दोन धोंड्यांकडे बघितलं.

“सायब, मोटर उद्या बी हाय,” तो म्हणाला, आणि आपला धोंडा तिथेच ठेवून पळत सुटला.

जनी सापडली ती अर्ध्या उतरणीवर, एका कुंभ्याच्या झाडाला टेकून बसलेली. डावा घोटा फणसाएवढा सुजला होता. हारा पालथा पडलेला, स्टोचा पाय मोडलेला. दुर्बीण मात्र गळ्यात शाबूत.

“आलास? आता आलास?” तिने तिथूनच सुरुवात केली. “हाका मारून घसा फाटला माजा! पडले ती गडगडत हितवर आले. ह्या झाडानं धरलंन्, न्हायतर थेट खाली जगबुडी नदीत गेले असते.”

“काकी, चुकलं माजं. मी मागं ऱ्हायला पायजे होतो.”

“पायजे होतास!” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “ही नळी डोळ्याला लावून बगितली रे मी. तुमी सगळी वाघजाईपाशी दिसलात. शिट्टीवाला कागद वाचीत होता. एकेक जण धोंडा टाकीत होता. मी म्हटलं, आता वर बगतील, आता बगतील. एकानं मान वर केली न्हाय.” तिने पदराने डोळे पुसले. “तू वाकलास, तवा जीवात जीव आला.”

आईमागे ह्या बाईने सदूला पेज पाजली होती. त्याने तिला पाठीवर घेतलं. मूळ वाट ओझ्याला खडी म्हणून तो गुराख्यांच्या आडवाटेने उतरला. लांबची, पण सपाट. पाठीवर बसूनही तिचं तोंड चालूच होतं, आणि ते ऐकून त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

वाघजाईशी आले तर मंडळी तिथेच, तोंडं पाडून बसलेली. सदूने जनीला चौथऱ्याच्या कडेवर टेकवलं. जनीने लंगडत आपला धोंडा उचलला आणि असा भिरकावला, की ओहोळातलं पाणी हरिश्चंद्राच्या कोटावर उडालं. सदू आपला उचलायला वळला. चौथऱ्यावर दोन धोंडे होते.

त्याने डोळे चोळून पुन्हा बघितलं. दोनच.

“ह्यो कुणाचा?”

हरिश्चंद्र खाली मान घालून म्हणाला, “आप्पासाहेबांचा.”

“म्हंजे?”

“तू गेल्यावर ते खूप संतापले. घड्याळ काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. मग यादी काढून कितीतरी वेळ वाचत बसले. आणि मग उठले, ओहोळातून धोंडा आणला, इथे ठेवला आणि तुझ्यामागे गेले. आम्ही नको म्हणत होतो. म्हणाले, तिला मी पाठवली होती.”

सदूने कपाळावर हात मारला. तो आडवाटेने आला आणि साहेब मूळ वाटेने वर गेले. चुकामूक झाली होती.

“जा,” जनी म्हणाली. “आण त्याला. न्हायतर रात्री वाघ त्येला बगंल, आन् वाघाचं पोट बिगडंल.”

सदू तिसऱ्यांदा गड चढला. साहेब फार वर गेलेच नव्हते. दुसऱ्याच फाट्याला वाट चुकून करवंदीच्या जाळीत अडकले होते. टोप गेलेला, विजार फाटलेली, शिट्टी वाजवून वाजवून गाल दुखायला आलेले. सदूला बघताच त्यांनी पहिलं विचारलं, “सापडली?”

“व्हय. खाली बसलीय. बोलतेय.”

आप्पासाहेबांनी मोठा श्वास सोडला. उतरताना सदूने त्यांना पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. ह्या खेपेला साहेब काही बोलले नाहीत.

मोटर चुकली, आगबोट चुकली, रजाही चुकली. मंडळी रात्री सदूच्या पडवीत झोपली. सकाळी आप्पासाहेब जनीच्या दारात गेले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि फक्त “पाय कसा आहे?” एवढंच विचारू शकले. जनीने दुर्बीण त्यांच्या हातात ठेवली. “संबाळा,” म्हणाली. “लांबचं झ्याक दिसतं हिच्यातून.” साहेबांचा चेहरा उतरला. गेले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, सदूनेही काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

जनीचा पाय बसला, पण जरा वाकडाच बसला. सदूने भावाला कळवलं, शिमगा झाला की येतो. गोदाने त्याची वळकटी बांधायला घेतली आणि सगळा राग तिच्या दोरीवर काढला.

होळीला पाच दिवस असताना टपालवाला आप्पासाहेबांचं कार्ड घेऊन आला. सदूला वाचता येत होतं, पण हळूहळू. त्याने ते जनीच्या अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. तुकडी फाल्गुन वद्यात येते आहे. वाटाड्या तूच, आणि पुढेही दर हंगामी तूच. मंडळाचं पत्र वेगळं येईल. उतरताना तू मागे राहावंस. खाली अक्षर जरा मोठं काढलेलं होतं: ‘माणसे चौदा. ओझ्याच्या बाया दोन धरून.’

जनीने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. शेवटची ओळ तर तीनदा. मग उगाच इकडेतिकडे बघितलं, नाक शिंकरलं, आणि वाकडा पाय ओढत उठली.

“दोनातली एक मी,” ती म्हणाली. “दुसरीला तुळसाला सांग. आन् त्या सायबाला लिव, तो स्टो घरी ठेव म्हणावं.”