जिवंत झरा

डोंगरकडा गावाजवळच्या त्या मातीच्या बांधाला धरण म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. मूळचा साधा पाझर तलाव. पुढे काठावर बाग झाली, पायडलच्या चार बोटी आल्या, रविवारी हिंगोलीहून लोक यायला लागले आणि तलावाचा थाट वाढला. देखभाल मात्र होती तिथेच राहिली. ती शाखा अभियंता राधाकृष्णकडे होती, म्हणजे दरवर्षी पावसाळ्याआधी एक छापील फॉर्म भरण्यापुरती.

तीन वर्षांपूर्वी बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली. बांधाखालीच कौशल्याबाईचं घर होतं. नवरा संपतराव मोठा कळप घेऊन रानोमाळ हिंडायचा, ही घरी म्हाताऱ्या मेंढ्या नि कोकरं सांभाळायची. धारेशेजारी तिने दगड मांडला, त्याला शेंदूर लावला, आणि बघता बघता लोक बाटल्या भरून तीर्थ न्यायला लागले. राधाकृष्ण तपासणीला आला तेव्हा तिने त्यालाही ते दिलं. तो पुजाऱ्याच्या घरातला. ओंजळ आपसूक पुढे झाली, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. मग त्याच हाताने फॉर्मवर 'गळती' लिहिणं जिवावर आलं. गळती लिहिली की तलावाचं पाणी उतरवा, बोटी बंद करा, वरच्यांची बोलणी खा. त्याने लिहिलं, 'पायथ्याशी जिवंत झरा. धोका नाही.'

श्रद्धा आणि सोय एका ओळीत बसली की पुष्कळांना आपलं चुकलंय हे कळतच नाही. राधाकृष्णला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी पुढची दोन वर्षं त्याने तीच ओळ उतरवून काढली.

यंदा श्रावणात तलाव सांडव्याला टेकला, आणि रविवारी सकाळीच राखणदार हनुमानचा फोन आला.

"सायेब, तीर्थ दुधावानी पांढरं येऊन राहिलंय. लोक म्हनतेत, देवी पावली. लई गर्दी झाली."

राधाकृष्ण तसाच निघाला. बांधातून नितळ पाणी झिरपतं तोवर लक्ष ठेवलं तरी भागतं. गढूळ यायला लागलं की पाणी आतली माती घेऊन निघालंय.

तिथे पोचल्यावर त्याने एक पेला भरून दगडावर ठेवला. लोक नारळ फोडत होते आणि हा पेल्याकडे टक लावून बसला होता. थोड्या वेळाने तळाशी बोटभर गाळ बसला. बांधाच्या पोटातली पांढरट माती. तीन वर्षं आपण हिला झरा म्हणालो, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

मग त्याने वेळ घालवला नाही. तहसीलला फोन केला, तलावाचं पाणी सोडायची खालची झडप उघडली, बोटी काठाला लावल्या, पोलिसांकरवी गर्दी हटवली. धार बुजवायची नव्हती, बुजवली तर पाणी दुसरीकडून फुटलं असतं. तिच्यावर वाळू आणि खडीचे थर टाकायचे होते, म्हणजे पाणी येईल आणि माती अडेल. त्यासाठी शेंदराचा दगड हलवावा लागला. तो हनुमानने पदराआड लेकरू न्यावं तसा टॉवेलात गुंडाळून नेला.

सगळे हटले. कौशल्याबाई तेवढी दारात बसून राहिली.

"मावशी, उठा. तलाव उतरायला रात्र होईल. तेवढ्यात बांध फुटला तर पहिलं तुमचं घर जाईल."

"काहून फुटंल? झराच हाय न्हवं तो?"

"झरा नाही. गळती आहे."

"आता गळती झाली व्हय? तुमीच कागदावर झरा लिवलं. हनमानानं वाचून दावलं मला."

"खोटं लिहिलं होतं मी, मावशी. तेव्हाही ती गळतीच होती, आणि मला ते ठाऊक होतं."

हे त्याने पोलीस, हनुमान, खडी टाकणारे मजूर, सगळ्यांच्या देखत सांगितलं. मजुरांची फावडी थांबली. आता नोकरीचं काय होईल हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण समोरची बाई जागची हलली नव्हती.

"तवा खोटं बोलले," ती शांतपणे म्हणाली, "मंग आज खरं बोलून राहिले हे मी कशावरून धरू? पोलीस आले तरी माजी मेंढरं म्या सोडून जायची न्हाई."

फॉर्म, शिक्का, सायबीपणा, सगळं त्याने स्वतःच मातीत घातलं होतं. तो तिच्या ओट्यावर, बांधाकडे तोंड करून बसला.

"तुमी काहून बसले?"

"तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन."

हनुमानने वरून दोनदा हाका मारल्या. राधाकृष्ण उठला नाही. डोक्यावर पुरुषभर उंच पाणी अडवून उभा असलेला तो ओला बांध त्याने इतक्या खालून कधी पाहिलाच नव्हता. त्याची नजर तिथून हटेना, सदरा घामाने पाठीला चिकटला, गुडघे आपोआप हलायला लागले. ते त्याने हातांनी दाबून धरले.

कौशल्याबाई बराच वेळ त्या गुडघ्यांकडे बघत होती.

"सायेब, भेव वाटून राहिलं का?"

"व्हय, मावशी."

"मंग खरं असंल," ती म्हणाली, आणि मेंढरांच्या कुंपणाचं दार उघडायला उठली.