पूर्ण एक मिनिट

दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, डॉक्टरबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मोबाइलवर आपलाच व्हिडिओ लावला. मुलांच्या आजारांवर त्यांनी आतापर्यंत दीडशे व्हिडिओ केले होते, पण एकही पाहिला नव्हता. स्वतःचा चेहरा बघायचा त्यांना कंटाळा होता.

"बाळाला खोकला असेल तर झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघा," व्हिडिओतल्या बाई सांगत होत्या. "मी सुरू म्हटलं की श्वास मोजायला लागा, थांबा म्हटलं की थांबा. बाळ दोन महिन्यांच्या पुढचं, वर्षाच्या आतलं असेल आणि आकडा पन्नासला पोचला, तर दवाखाना गाठा."

सुरू ते थांबा, घड्याळाचा काटा एकतीस सेकंद चालला. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. एकतीसच.

"मी मिनिटभर मोजलं होतं ना गं?"

सिस्टर दारात होती. सव्वीस वर्षं ती याच दवाखान्यात होती आणि मोबाइल धरायचं कामही आता तिच्याकडेच आलं होतं.

"पूर्ण मिनिट. माझा हात भरून आला होता, विसरेन कशी?"

डॉक्टरबाईंनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं.

एके काळी या दवाखान्यातल्या बाकांवर बसायला जागा मिळत नसे. आया उभ्यानंच पोरांना थोपटत असत, आणि एक रडायला लागलं की सगळी सूर धरत. मग चौकात मोठं हॉस्पिटल झालं. बाईंचे यजमान गेले. मुलगा तर आधीच दूरदेशी होता. त्याचा फोन यायचा, जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवतो. मोबाइलवरचं पेज सुरू झालं आणि ते बदललं. बाई व्हिडिओ पाठवायच्या, तो त्याची काटछाट करायचा, आणि दर शनिवारी दोघं पाऊणपाऊण तास बोलायची. हात फार हलवतेस, इथे जरा हसून बोल, असं तो सांगायचा. पेजला चाळीस हजार लोक झाले होते. पण बाई शनिवारची वाट बघायच्या.

या व्हिडिओच्या वेळी तो म्हणाला होता, "आई, मिनिटभर नुसतं पोट कोण बघत बसतं? मधलं थोडं काढतोय."

"तुला कळतं तसं कर," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवशी त्यांना त्याचं बोलणं नुसतं ऐकत राहावंसं वाटत होतं.

लोक आपापले आकडे व्हिडिओखाली लिहीत होते. बावीस, पंचवीस, एकोणीस. इतका संथ श्वास घेणारी एवढी बाळं कुठून आली, असं त्यांना आज सकाळी पहिल्यांदा वाटलं होतं. रविवारी 'चिमणीची आई' अशा नावानं एकीनं लिहिलं होतं, 'आठ महिन्यांची आहे. अठ्ठावीस आले. जिवात जीव आला.' खाली बाईंचं उत्तर होतं, 'छान. काळजी नको.'

अठ्ठावीस म्हणजे छप्पन्न.

बाईंनी व्हिडिओ काढून टाकला. आकडे लिहिणाऱ्या एकोणीस जणांना एकेक करून कळवलं. दुपारपर्यंत अठरा जणांची उत्तरं आली. चिमणीच्या आईचं आलं नाही.

"मुलाला फोन लावा," सिस्टर म्हणाली. "काय करून ठेवलंय ते कळू दे त्याला."

"झोपला असेल तो तिकडे."

"मग उठेल. तुम्ही नाही का सव्वीस वर्षं लोकांसाठी उठलात?"

बाईंनी फोन लावला नाही. केस नीट केले, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि सिस्टरला मोबाइल धरायला सांगितला.

"मागचा व्हिडिओ चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "कापताना माझ्याकडून चूक झाली."

सिस्टरनं मोबाइल खाली घेतला. "बाई, तुम्हाला साधा फोटो पाठवता येत नाही."

"तू धर."

बुधवारी काही कळलं नाही. बाई समोरच्या मुलाचा घसा बघताना मध्येच थांबत आणि मोबाइलकडे बघत. गुरुवारी दुपारी उत्तर आलं. 'रविवारीच ॲडमिट केलं. न्यूमोनिया होता. मी निर्धास्त होते, पण सासूबाई म्हणाल्या, तो मोबाइल ठेव आणि पोरीच्या नाकपुड्या कशा फुलतायत ते बघ. आता बरी आहे.'

बाईंनी ते सिस्टरला वाचून दाखवलं आणि बराच वेळ हात धुतले.

त्या शनिवारी फोन आला नाही. पुढच्या शनिवारी आला.

"व्हिडिओ बघितला," मुलगा म्हणाला. "कापला मी होता."

"अरे, लोकांना काय करायचंय त्याच्याशी."

"मला करायचंय. ती मुलगी कशी आहे?"

"घरी गेली. खेळतेय. काल इथे आणली होती तपासायला."

"दुसरीत मी शेजाऱ्यांची काच फोडली होती, तेव्हाही तूच जाऊन माफी मागून आलीस. मला त्यांच्या दारात उभंसुद्धा राहू दिलं नाहीस."

"लहान होतास."

"आता बेचाळीसचा आहे, आई."

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. ठेवतो, म्हणाला.

त्यानंतर त्यानं व्हिडिओ मागितले नाहीत, बाईंनीही पाठवले नाहीत. फोन यायचे, जेवलीस का, बरी आहेस ना. पेज बाईंनी आणखी तीन वर्षं चालवलं. न कापलेले, लांबलचक व्हिडिओ असायचे, पाचसहाशे लोक बघायचे. दोन हजार बावीसमध्ये बाई गेल्या. सिस्टर आता भाचीकडे राहते, गुडघे धरून चालते. चिमणीची आजीही गेली. चिमणी चौथीत आहे, शाळेत कुणाला धावण्यात हार जात नाही.

बाई गेल्यावर मुलगा आठ दिवस आला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, तो व्हिडिओ मी कापला होता, आईनं नाही. कुणाला काही आठवत नव्हतं. लोक मान हलवायचे आणि प्रवास कसा झाला ते विचारायचे. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सिस्टरकडून दवाखान्याच्या वहीतला चिमणीच्या घरचा पत्ता घेतला आणि एकटाच गेला. परत आला तेव्हा सिस्टर बाईंचं कपाट आवरत होती. तो तिच्या शेजारी बसला आणि कपड्यांच्या घड्या घालू लागला.