परण्यातला ट्रान्स

लातूरचा वीरेश आणि नांदेडची दीपमाला यांचं भांडण कशावरून, तर न वाजणाऱ्या संगीतावरून! ऐकणाऱ्याला हसू येईल. पण दोघं आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते.

कॉलेजात ओळख झाल्यापासून दोघं मिळून संगीत करायचे. तो लातुरात आपल्या खोलीत, ती नांदेडात आपल्या. तुकडे मोबाईलवरून इकडून तिकडे. यंदा त्यांनी प्रोग्रेसिव्ह ट्रान्स केला होता. शब्द नाहीत, नुसतं कॉम्प्युटरवर केलेलं, सावकाश चढत जाणारं नाचाचं संगीत. परदेशातल्या एका कंपनीला ते पसंत पडलं. शेवटची फाईल पाठवली की दोघांचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं गाणं, जगभर लागणार होतं. गाडं अडलं ते एकाच जागी. गाणं ऐन रंगात येतं तिथंच दीपमालानं ठेका काढून टाकला होता, खालचा घुमणारा बेस काढून टाकला होता. उरत होता फक्त एक बारीक सूर, आणि तो चांगला लांबलचक.

"काप ते," वीरेश म्हणायचा. लग्नांत डीजे वाजवणारा गडी तो, गर्दीची नस ओळखणारा. "लोकं नाचून राहिले, अन् तू मधीच ताटावरून उठवतीस व्हय त्यांना?"

"ते कापलं तर माझं काय उरलं रे त्यात?" दीपमाला म्हणायची. खरंच होतं. ठेका त्याचा, बेस त्याचा. तिचा होता तो सूर.

शेवटी ठरलं. हदगावच्या एका लग्नात, परण्यात, म्हणजे नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो तेव्हा, गाणं लावायचं. लोकांनी तोंड फिरवलं तर ते कापायचं, आणि दीपमालानं ब्रही काढायचा नाही.

परण्या निघाला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पुढं टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, त्यांच्यामागं वीरेश आणि दीपमाला. पाठीमागच्या गाडीत जनरेटर, त्याच्यावर माणिकप्पा. वीरेशनं गाणं सुरू केलं. पोरं आधी बुजली, मग एकेकाचे खांदे हलायला लागले. ठेका चढत गेला तशी मंडळी घामानं निथळत नाचू लागली. दीपमाला मात्र एकेकाचं तोंड न्याहाळत होती, कारण पुढं काय येणार ते तिला ठाऊक होतं.

आणि ठेका थांबला.

"अय्! जनरेटर गेलं!" एकच गिल्ला झाला. सगळी गर्दी मागं वळली. नवरदेवाचे मामा बालाजीराव तरातरा माणिकप्पावर धावून गेले. "डिझेल टाकलं न्हाई का बे?"

"चालूच हाय की हो! हात लावून बघा!" माणिकप्पा बिचारा केकाटला.

वीरेशचा चेहरा पडला. "बघितलंस? लोकं आपल्याला फाडून खातील," म्हणत त्यानं दुसरं गाणं लावायला हात पुढं केला. दीपमालानं तो मनगटापाशी गच्च धरला. "हात तर लावून बघ!" ती दात-ओठ खात म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण पकड सुटली नाही.

तेवढ्यात घोड्यावरून नवरदेवच ओरडला, "ए, गप बसा की! वाजून राहिलंय!"

त्या दिवशी नवरदेवाचा शब्द कोण मोडणार? एकानं दुसऱ्याला गप केलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मामासुद्धा हात वर करून जागीच थांबले. भर रस्त्यात सगळा परण्या कान देऊन उभा राहिला. सूर चढत होता. कुणी डोळे मिटले, कुणी न सांगता हात वर केले. हदगावच्या रस्त्यावर आपला सूर लोक श्वास रोखून ऐकताहेत, हे बघून दीपमालाला धाय मोकलून रडावंसं वाटलं.

मग बेससकट ठेका परत कोसळला. काय सांगावं! धुरळा उडाला, फेटे उडाले, मामांनी माणिकप्पालाच ओढून नाचायला घेतलं. नवरदेव घोड्यावरून उतरला तो मारुती येईपर्यंत परत चढलाच नाही.

गाणं संपलं आणि वीरेशनं नेहमीचं हमखास चालणारं रिमिक्स लावलं. पोरांनी टेम्पोला गराडा घातला.

"हे बंद कर! मघाचंच लाव, ते मधी गप होतंय ते!"

वीरेशनं दीपमालाकडं बघितलं, कानाची पाळी धरली, आणि बाजूला सरकून बटणं तिच्या हाती दिली.