कोंबड्यावर घेतलेली शपथ

ज्या वर्षी माझ्या एनोराचं लग्न पाणचक्कीवाल्याच्या मुलाशी झालं आणि वरातीत नवरदेवाचं गाढव भर ओढ्यात बसून राहिलं, त्या वर्षीच्या नाताळची ही गोष्ट. केरवेलमध्ये अजूनही जुनं काही सांगायचं झालं तर लोक ‘गाढव बसलं त्याच्या आधी’ किंवा ‘गाढव बसलं त्याच्यानंतर’ असंच सांगतात. माझे जावई तेवढे सांगत नाहीत.

तेव्हा केरवेलच्या गढीतलं स्वयंपाकघर माझ्या हातात होतं. गढीचे मालक सरदार बुदोक. माणूस दिलदार, पण गढी फाटकी. छपरातून पाणी गळायचं ते धरायला माझी अर्धी भांडी जायची. तरी नाताळच्या मेजवानीला मोर हवा म्हणजे हवाच. आमच्या मुलखातली रीतच तशी आहे. भाजलेला मोर पिसाऱ्यासकट ताटात घालून आणायचा, आणि जमलेल्या सरदारांनी त्याच्यावर हात ठेवून एकेक शपथ घ्यायची. मोरावर घेतलेली शपथ मोडली तर त्या सरदाराला पुन्हा कुणी जेवायला बोलवत नाही, मुलगी देणं तर लांबच.

आता खरी गोष्ट अशी, की आमच्या गढीत मोर एकच झाला, तो मालकांच्या लग्नाच्या वेळी. तो खाऊन झाल्यावर थोरल्या बाईसाहेबांनी त्याचं कातडं पिसांसकट मीठ लावून पेटीत ठेवायला लावलं. तेव्हापासून दर नाताळात मी एक दांडगा कोंबडा भाजायची आणि त्याला ते कातडं चढवायची. थोरल्या बाईसाहेब वारल्या, मग हे गुपित माझ्या एकटीकडेच राहिलं. मालक पहिला घास खाऊन दरवर्षी म्हणायचे, “माहारित, यंदाचा मोर जरा चिवट आहे हं.”

“डोंगरातला आहे, मालक,” मी म्हणायची.

तर त्या नाताळात शपथा सुरू झाल्या. एकाने शपथ घेतली की जेरुसलेमला जाऊन येईपर्यंत दाढी विंचरणार नाही. (तो अजून गेलेला नाही. त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.) दुसऱ्याने डुकराचं मांस सोडलं, पण ते फक्त शुक्रवारी, म्हणजे एरवीही जेव्हा आम्ही कुणीच खात नाही. मग एर्वान उठला.

एर्वान हा तरुण सरदार, उंच, लालसर केसांचा. त्याच्याकडे जमीन नव्हती. एक घोडा, एक चिलखत आणि हसणं, एवढीच मालमत्ता. मालकांच्या मुलीवर, आझेनोरवर, त्याचा जीव जडला होता आणि तिचा त्याच्यावर. हे मालक सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने आझेनोरच्या गळ्यातला हिरवा रेशमी रुमाल मागून घेतला, स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बांधला आणि कोंबड्यावर, म्हणजे सगळ्यांच्या लेखी मोरावर, हात ठेवला.

“आपल्या पुलावर मी माझ्या भाल्याने एका तरी सरदाराला घोड्यावरून खाली पाडीन. तोवर हा रुमाल सुटणार नाही. एका डोळ्याने जगेन.”

टाळ्या झाल्या. डोळा बांधायची असली शपथ आमच्याकडे फार मानाची. मालकांच्या पोटात तोवर सफरचंदाची दारू बरीच गेली होती. ते ओरडले, “शाब्बास! ज्या दिवशी रुमाल सुटेल, त्या दिवशी पोरगी तुझी!”

आझेनोर उठून सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. “माहारित, या माणसाला अक्कल आहे का गं?”

“सरदार आहेत ते, ताईसाहेब.”

“नुसती मागणी घातली असती तरी बाबांनी आज हो म्हटलं असतं. हा डोळाच बांधून बसला! मला याचे दोन्ही डोळे आवडतात.”

दुसऱ्या दिवसापासून हाल सुरू झाले. एक डोळा झाकला की माणसाला जवळचं आणि लांबचं कळत नाही. एर्वान पेल्याशेजारी दारू ओतायचा. उजवीकडून कुणी आलं की दचकायचा. जिन्याची शेवटची पायरी त्याला कधी सापडली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खांबाला तो इतक्यांदा धडकला, की शेवटी खांबाला “माफ करा” म्हणायला लागला.

आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे, आमच्या पुलावरून सरदार येतोच कोण? तो रस्ता मासळीच्या बाजाराचा. एर्वान सकाळी चिलखत घालून पुलाच्या टोकाशी उभा राहायचा आणि येणाऱ्याला अदबीने विचारायचा, “आपण सरदार आहात का?”

खेचरावर बसलेल्या मठाधिपतीला त्याने विचारलं. ते म्हणाले, “नाही बाळा, पण मला सर्दी झालीये, वाटेतून बाजूला हो.” वाम मासे विकणाऱ्या बायकांना तो विचारायचा नाही, पण त्याच मुद्दाम थांबून म्हणायच्या, “अहो सरदार, आम्हाला पाडता का? टोपली तेवढी सांभाळून पाडा!” त्याच्या हसण्यामुळे कुणी त्याच्यावर रागवायचं नाही.

मी मात्र हसत नव्हते, कारण अंगणातला त्याचा सराव मला खिडकीतून दिसायचा. खांबावर फिरणाऱ्या आडव्या दांडीच्या एका टोकाला ढाल असते, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. ढालीवर भाला बरोबर बसला तर पुढे निघून जाता येतं, नाहीतर पिशवी मागून येऊन हाणते. नाताळाच्या आधी त्या पिशवीने त्याला कधी शिवलं नव्हतं. आता रोज हाणत होती. त्याला वाटायचं ढाल जवळ आली, आणि ती हातभर लांब असायची.

आझेनोर माझ्याशेजारी उभी राहून ते बघायची. एकदा ती म्हणाली, “खरा सरदार ज्या दिवशी येईल ना माहारित, त्या दिवशी हा मरेल.”

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. इस्टर झाला की रस्ते खुले होतात आणि लढायला हपापलेले तरणे सरदार मुलुखभर फिरायला लागतात. मी विचार केला, नोकरी गेली तर गेली. एर्वानला चुलीशी बसवलं, कांद्याचा रस्सा पुढे ठेवला आणि सांगितलं.

“सरदार, तुमची शपथ लागू नाही. तो मोर नव्हता.”

“मग काय होतं?”

“कोंबडा. आपला तांबडा, दारात सगळ्यांच्या पोटऱ्यांना टोचायचा तो. दरवर्षी कोंबडाच असतो.”

एर्वान इतका हसला की रस्सा नाकात गेला. डोळ्यांतून पाणी आलं, एक डोळा पुसला, दुसरा रुमालाखालीच ओला राहिला.

“अगं मावशे! म्हणजे तो जेरुसलेमवाला कोंबड्यापायी उवा पाळतोय?”

“हसू नका. सोडा तो रुमाल. मी मालकांसमोर उभी राहून सांगते.”

“आणि मालकांची अब्रू? सगळ्या मुलखाला कळेल की केरवेलला कोंबडा खाऊ घालतात. तुला हाकलतील ते वेगळंच.” मग तो चमचा खाली ठेवून म्हणाला, “शिवाय हे तर आणखी वाईट झालं बघ. मोराची शपथ मोडली असती तर मोर काय, कधीतरी दिसला असता. कोंबडा रोज पहाटे आठवण करून देणार.”

“जीव जाईल तुमचा.”

“तू खरं सांगितलंस, मावशे. हे मी विसरणार नाही.” रस्सा संपवून तो उठला, खांबाला धडकला, माफी मागून गेला.

तेव्हा आझेनोरने दुसरी वाट काढली. तिचा काका, गिओमार, म्हातारा सरदार, गुडघ्यांनी अधू, डोंगरापलीकडे राहायचा. ती मला बरोबर घेऊन त्याच्याकडे गेली.

“काका, तुम्ही शिरस्त्राणाची तोंडावरची जाळी बंद करून पुलावर यायचं. एर्वानचा भाला ढालीला लागला, की पडायचं.”

“पडायचं?” गिओमारकाका म्हणाला. “पोरी, उभ्या आयुष्यात मला कुणी पाडलं नाही.”

“म्हणून तर तुम्हाला सांगते. तुम्हाला पाडलं म्हणजे त्याचं केवढं नाव होईल!”

म्हातारा खूश झाला, पण दाखवलं नाही. “कुठल्या अंगावर पडू? डाव्या कमरेवर मी पडणार नाही, आधीच सांगतो. आणि ही माहारित नासपतीची ती पोळी करते ना, आत सारण घातलेली?”

“पडून झाल्यावर अख्खी तुमची,” मी म्हटलं.

“आणि कुणाला सांगायचं नाही.”

“आम्ही नाही सांगणार. तुम्ही सांगू नका,” आझेनोर म्हणाली.

इस्टरनंतरच्या सोमवारी तो आला. नदीला वरच्या डोंगरांचं पाणी आलेलं, पूल अरुंद, त्याला कठडा नाही. अख्खं गाव काठावर जमलं होतं. आझेनोर मालकांच्या बाजूला उभी होती, मी चक्कीजवळ एनोराच्या सासऱ्याशेजारी. पलीकडून अनोळखी सरदार जाळी बंद करून डुलत डुलत आला आणि खोकला. तो खोकला मालकांच्या ओळखीचा होता. त्यांनी भुवया उंचावल्या, पण मुलीने हात घट्ट दाबला तेव्हा गप्प बसले.

एर्वानने विचारलं, “आपण सरदार आहात का?”

“लग्नापासून!” गिओमारकाका जाळीतून ओरडला. का ते त्यालाच ठाऊक.

एर्वान हसला, आणि दोघांनी घोडे सोडले.

म्हाताऱ्याने सगळं ठरल्यासारखं केलं. फक्त घाई केली. भाला अजून चांगला हातभर लांब असताना तो उजव्या अंगावर, अगदी बेताने, पुलावर उतरल्यासारखा पडला. एर्वान सगळं अंग पुढे झोकून भाला मारायला गेला, तो भाला रिकाम्या हवेत गेला. आणि म्हाताऱ्याची ती लठ्ठ घोडी, पाठीवरचं ओझं गेल्यावर बिथरून, एर्वानच्या उजव्या बाजूने येऊन धडकली. त्या बाजूला रुमाल होता. त्याला ती दिसलीच नाही. तो पुलावरून खालच्या खडकांवर पडला आणि पाण्यात गेला.

एनोराच्या सासऱ्याने आणि नवऱ्याने उड्या टाकून त्याला ओढून काढलं. चिलखत कापून काढावं लागलं. छाती एका बाजूने आत गेली होती. वैदूने बघितलं आणि आमच्याकडे न बघता हात धुतले.

माझ्याच चुलीपाशी त्याला आणून निजवलं, कारण गढीत तेवढी एकच जागा उबदार होती. रुमाल ओला होऊन डोळ्याला चिकटला होता. आझेनोरने हात लावला तशी त्याने तिचं मनगट धरलं.

“थांब. माझा भाला लागला का?”

“लागला,” आझेनोर म्हणाली.

“लागला!” मालक म्हणाले.

“लागला म्हणजे काय, माझा खांदा निखळला,” गिओमारकाका रडत रडत म्हणाला. त्याचा खांदा चांगला धडधाकट होता.

एर्वानने एका डोळ्याने मला शोधलं. “मावशे, तू मला कोंबड्याचं खरं सांगितलंस. तुझ्यावर माझा विश्वास आहे. तू सांग.”

“कुठला कोंबडा?” मालकांनी विचारलं.

मी नाही म्हटलं असतं तर तो रुमाल त्याच्याबरोबर मातीत गेला असता, आणि आझेनोरचा हातही अंगठीवाचून रिकामा राहिला असता. हा माणूस तसाच होता. मी त्याच्याजवळ बसले. “ढालीच्या मधोमध लागला, सरदार. चक्कीपाशी आवाज आला मला. माझ्या व्याह्यांना विचारा.”

माझे व्याही जन्माचे बहिरे. त्यांनी जोरात मान डोलावली.

एर्वानने मनगट सोडलं. आझेनोरने रुमाल सोडला. त्या डोळ्याभोवतीचं कातडं पांढरंफटक पडलं होतं, डोळा उजेडाने मिचमिचत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

“दोन दिसतेस गं,” तो म्हणाला.

“मग? दोघींना सांभाळशील का?”

“एक स्वयंपाकघरात ठेवू. मावशीला मदत होईल.”

पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावायला आले होते. मालकांनी त्यांना अडवलं. म्हणाले, “आधी लग्न लावा. मी शब्द दिलाय.” पाद्रीबाबांनी आधी ते लावलं, मग हे लावलं. लग्नाचं जेवण म्हणून नासपतीची पोळी होती. गिओमारकाकाने तिला हात लावला नाही. एर्वानने एक घास खाल्ला आणि खांबाकडे बघून म्हणाला, “बघ रे, आता तू अगदी लांब दिसतोस.”

पुढे मालकांनी त्याच्या थडग्यावर दगड बसवला आणि दगडाच्या पायाशी मोर कोरून घेतला. आता मठातल्या संन्यासिनी बहिणींनी मला अक्षरं शिकवली आहेत, त्यामुळे वर त्याचं नाव मला वाचता येतं. मोराचे पाय पाथरवटाने फार जाड केले आहेत, दारातल्या तांबड्याचे होते तसे. मी तो दगड पुसायला जाते तेव्हा आझेनोरबाई कधी कधी बरोबर असतात. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. ते पाय बघून आम्ही दोघी हसतो.

केरवेलचा सरदार एर्वान, आझेनोरचा नवरा, माझ्या एनोराचं लग्न झालं त्यानंतरच्या वसंतात, इस्टरनंतरच्या गुरुवारी, पहाटे कोंबडा आरवायच्या वेळी वारला.