निशिगंधाचा सोळावा फलक

मित्रांनो, शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात एक अरुंद दुकान आहे. दारात लाकडी पट्ट्यांच्या चौकटी टेकवून ठेवलेल्या असतात, आत शाईचा वास भरलेला असतो आणि सगळ्यात आत, भिंतीला पाठ लावून, मी बसलेलो असतो. मी एक जुना प्रिंटर आहे. कागदबिगद छापणारा नव्हे, फ्लेक्स छापणारा! चौकाचौकांत जे मोठाले डिजिटल फलक तुम्ही मान वर करून वाचता, ते माझ्यासारख्यांच्या पोटातून बाहेर पडतात. माझी रुंदी दहा फूट आहे आणि मिजासही एके काळी तेवढीच होती.

माझे मालक जोतीराम. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणते. मी येण्याआधी ते हाताने फलक रंगवायचे. मला टेम्पोतून उतरवून घेतले, तेव्हा मिस्त्रीने माझ्या नळ्यांत चार शाया भरल्या आणि अण्णा कोपऱ्यातल्या डब्यातल्या आपल्या ब्रशांकडे बघत उभे राहिले. तो डबा त्यांनी अजून फेकलेला नाही. पहिले काही दिवस ते माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. मलाही तेव्हा घमेंड होती. माणूस आठवडाभर रंगवील ते मी चहा निवायच्या आत छापतो, असे मनात म्हणायचो.

माझी बोहनी निशिगंधाच्या फोटोने झाली. तेव्हा ती एक वर्षाची होती. तिचे वडील अमरसिंह आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलरक्षक (आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघही असतात), आणि कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा फलक छापायला ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. बरोबर आई राजनंदिनी होत्या. आता मी छापतो कसा, तर वरून खाली, पट्टीपट्टीने. त्यामुळे मला माणूस आधी केसांनी कळतो, मग कपाळाने, मग डोळ्यांनी, आणि हसू सगळ्यात शेवटी. निशिगंधाच्या कपाळावर गालबोट होते. मला वाटले, शाईचा थेंब पडला. मी घाबरलो. पण फलक पुरा झाला तसे राजनंदिनींनी ओल्या शाईला हात न लावता नुसता वरून फिरवला आणि म्हणाल्या, "अण्णा, दर वर्साला हितंच येणार बघा."

आणि खरोखर आल्या. पंधरा वर्षे. दोन शेंड्यांची निशिगंधा, दात पडलेली निशिगंधा, बाबांचे मोठे हातमोजे घातलेली निशिगंधा. डिसेंबर उजाडला की मी वाट बघायला लागायचो. इतरही खूप छापले. आमदारांचे, पैलवानांचे, बँडवाल्यांचे, एकदा तर म्हशीच्या वाढदिवसाचासुद्धा फलक छापला आणि तो बघायला कसबा बावड्यापासून माणसे आली. पण वाट बघावी असा फोटो तो एकच. लोक म्हणायचे, "अण्णा, तुमचा प्रिंटर रंग लई झ्याक काढतोय." माझी छाती आणखी दोन फूट रुंद व्हायची.

आमच्या गावाची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले. आमच्याकडे माणूस जे तोंडाने बोलत नाही, ते फलकावर लावतो. अभिनंदन फलकावर, टोमणा फलकावर, रुसवाही फलकावर. शेजाऱ्याशी अबोला असेल तरी त्याच्या दारासमोर त्याला कळेल असा फलक लागतो. लोक हसतात, पुढे जातात. मीही हसायचो.

आता गेल्या मार्च महिन्याकडे येतो.

संघ अंतिम सामन्यात पोचला होता. अमरसिंह आता खेळत नव्हते, शिकवत होते. शुभेच्छांच्या फलकासाठी संघाचा फोटो द्यायला ते दुकानात आले. हल्ली पेन ड्राइव्ह कोणी आणत नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपले व्हॉट्सॲप उघडतात, फोटो काढून देतात आणि जातात. अमरसिंहही घाईत होते, सरावाला पोरे थांबली होती. फोटो दिला आणि पळाले. उघडलेले व्हॉट्सॲप बंद करायचे राहून गेले. एक बटण दाबायचे होते, मित्रांनो. एकच.

कॉम्प्युटरवर आदर्श बसतो. बायको-मुले असलेला, तिशीतला, हुशार माणूस. फलकाची सगळी मांडणी तोच करतो. पहिल्या दिवशी त्याला ते नुसते दिसले. तेव्हा बंद केले असते तर माझी गोष्ट इथे संपली असती. पण दुसऱ्या दिवसापासून तो बघायला लागला.

अमरसिंहांच्या कंपनीत तेजस्वी नावाची मुलगी होती. त्या दोघांचा एकमेकांवर जीव जडला होता. तुम्ही लहान आहात, म्हणून एवढेच सांगतो की घरी बायको असताना असे वागू नये, आणि अमरसिंह वागले होते. मी त्यांची बाजू घेत नाही. चूक ती चूकच.

आदर्शही वाईट नव्हता, हे सांगितले नाही तर मी खोटा पडेन. त्याच्या लहानपणी त्याच्या वडिलांनी असेच केले होते. साऱ्या पेठेला ठाऊक होते, फक्त त्याच्या आईला, बाळाबाईंना नव्हते. कोणी सांगितले नाही. वडील घर सोडून गेले त्या दिवशी त्या माउलीला कळले, आणि तेही पाण्याच्या नळावर. तेव्हापासून ती सल आदर्शच्या मनात होती. राजनंदिनीवहिनी त्याला भाऊ मानायच्या. आठ दिवस तो तळमळला. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आला. तोंडावर बोलायला जीभ उचलेना. मग त्याने तेच केले जे आमच्या गावात जीभ उचलली नाही की करतात.

रविवार होता, अंतिम सामन्याचा. अण्णा घरी मटणाच्या जेवणाला गेले होते. आदर्शने मला सुरू केले. वरून केस आले, मी ओळखले, हे तर अमरसिंह! मग "हार्दिक अभिनंदन" ही अक्षरे आली. मी खुशीत आलो. वाटले, सामन्याआधीच जिंकल्याचा फलक छापून ठेवतायत. लाल रंग मी मन लावून काढला. मग खाली आले, "दोन संसार एकट्याने पेलणारे आमचे लाडके कोच". त्याखाली त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेली चार वाक्ये. तेजस्वीचे नाव. तिचा नंबर. आणि शेवटी, "शुभेच्छुक : एक हितचिंतक".

मला थांबता येत नाही, मित्रांनो. शाई संपली तर मी थांबतो, वीज गेली तर थांबतो. लाज वाटली म्हणून थांबायची सोय माझ्यात कोणी केलेली नाही. ती माणसात असते.

मैदानाकडे जाणाऱ्या कोपऱ्यावर त्याने भरदुपारी तो फलक बांधला. सारी पेठ त्या वाटेने जाणार होती. अर्ध्या तासाने राजनंदिनी दुकानाच्या दारात आल्या. पदर खोचलेला, चेहरा दगडासारखा. मागे निशिगंधा होती. तिच्या हातात दहावीचे पुस्तक होते. क्लासवरून येताना पहिल्यांदा तिनेच तो फलक वाचला होता.

"आदर्श, कटर दे," राजनंदिनी म्हणाल्या.

त्याने दिला. त्या गेल्या, चौकटीवर चढून दोऱ्या कापल्या आणि फलकाची गुंडाळी काखेत मारून परत आल्या. कटर टेबलावर ठेवताना त्यांच्या बोटांना लागलेला लाल रंग त्यांना दिसला. शाई अजून ओली होती. त्यांनी माझ्याकडे बघितले, मग आदर्शकडे.

"हितंच छापलाय न्हवं?"

"वैनी, त्यातलं एक अक्षरबी खोटं न्हाय."

"म्हाईत हाय मला." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. राजनंदिनीही तशाच बोलत होत्या. "दीड महिना झाला. त्यो भायेरच्या खोलीत झोपतोय. पोरीची धावी संपू दे म्हणून थांबलोय. दोन पेपर ऱ्हायल्यात. त्याच्या म्होरं त्याला घरात घ्यायचं का दारात उभा करायचं, ते मी ठरवणार हुतो. आता पेठ ठरवंल."

आदर्शच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्या आईला कुणी सांगितलं न्हाय, वैनी. सारी पेठ तिला हसत हुती. तुमचं तसं हुऊ ने म्हणून..."

"मग मला सांगायचं हुतंस की! दारात यायचं, खाली मान घालून सांगायचं. मी तुला च्या केला असता. मला सांगणं आन् पेठेला सांगणं एकच व्हय रं?"

राजनंदिनींनी काखेतली गुंडाळी जमिनीवर टाकली.

"आन् त्या पोरीचा नंबर कशापायी टाकलास? काय काय फोन येत असत्याल तिला, इचार केलास?"

एवढा वेळ निशिगंधा माझ्याकडे बघत होती. पंधरा वर्षे जिचे हसू मी छापले, ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. "आई, घरला चल," एवढेच ती म्हणाली.

फलक अर्धा तासच लागला होता. पण तेवढ्यात किती जणांनी त्याचे फोटो काढले कोण जाणे. सामना सुटायच्या आत तो पेठेतल्या प्रत्येक फोनमध्ये होता. फलकाची दोरी कापता येते, फोनमधल्या फोटोला दोरी नसते. संघ त्या दिवशी हरला, पण हरल्याचे कोणी बोलत नव्हते.

अण्णांना संध्याकाळी कळले. ते ओरडतील असे मला वाटले होते. ते ब्रशांच्या डब्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "हातानं लिव्हायचो तवा बरं हुतं. ह्ये असलं लिव्हताना हात तरी थरथरला असता."

निशिगंधाने राहिलेले दोन्ही पेपर दिले. शाळेच्या फाटकावर पोरे तिला चिडवायला 'लाडके कोच, लाडके कोच' असे ओरडत होती म्हणे. पेपर संपताच राजनंदिनी तिला घेऊन माहेरी, गारगोटीकडे गेल्या. अमरसिंह कागलला खोली घेऊन राहतात. तालमीत येत नाहीत. ज्या घराचे काय करायचे ते राजनंदिनी ठरवणार होत्या, त्या घराला कुलूप लागले. कदाचित तसेही लागले असते. कदाचित नसते. ते आता कोणालाच कळणार नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त टोचते. तेजस्वीला एका दिवसात अनोळखी माणसांचे इतके फोन आले की तिने नंबर बदलला आणि नोकरीही सोडली. आदर्श माफी मागायला राजनंदिनींच्या दारात गेला, तेव्हा ते कुलूप त्याने बघितले. आता गिऱ्हाईक फोटो देऊन निघाले की तो हाक मारतो, "पावणं, तुमचं बंद करून जावा," आणि बंद होईपर्यंत तोंड भिंतीकडे फिरवून उभा राहतो.

डिसेंबर आला. मी वाट बघायला लागलो. सवय जात नाही. रोज सकाळी अण्णा माझ्या चारही रंगांची एक पट्टी काढून बघतात. मी सगळे रंग नीट काढून दाखवायचो. कोण जाणे, आज फोटो येईल!

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अण्णांनीच स्पीकरवर फोन लावला. आदर्शला त्यांनी बाहेर पाठवले होते. फोन निशिगंधाने उचलला.

"निशी, अण्णा बोलतोय. उद्या वाढदिवस की गं बाळा. फोटू धाड. पैसं न्हाई घेत. तुझ्या मामाच्या गावात लावू, हितं नगं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"नगं, अण्णा. आमचं त्वांड आता कुठल्याच खांबावर नगं."

"बरं. न्हाई छापत. आन् तुझं जुनं फोटू हायत हितं, पंधरा. त्येंचं काय करू? तू सांगशील तसं."

"पुसा." मग ती घाईने म्हणाली, "थांबा, अण्णा. आधी मला धाडा. मग पुसा."

अण्णांना कॉम्प्युटर धड येत नाही. तरी एकेक फोटो शोधून त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवला. गालबोट, शेंड्या, पडलेला दात, मोठे हातमोजे. पंधरावा गेला, तसे त्यांनी एकेक पुसून टाकले. मला वाटत होते, एक तरी विसरावा. ते विसरले नाहीत, आणि ते बरोबरच झाले. ते फोटो माझे नव्हतेच. मी फक्त छापले होते.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझा निळा रंग फिका पडतो, छापताना मधेच पांढरी रेघ उमटते. नवा प्रिंटर आला की मला भंगारात जावे लागेल. जाण्याआधी एकच मागणे आहे. माझी निगा राखा असे म्हणत नाही, मला तेलपाणी अण्णा करतात. दुसऱ्याच्या उघड्या राहिलेल्या गोष्टींची निगा राखा. कोणाचा फोन, कोणाची वही, कोणाचे पत्र तुमच्या समोर उघडे पडले, तर ते झाका आणि त्याला हाक मारा. आतले सगळे खरे असले तरी झाका. आणि एखाद्याला काही सांगितल्यावाचून राहवतच नसेल, तर ज्याचे आहे त्याच्या दारात जा आणि त्याच्या एकट्याच्या कानात सांगा. जीभ अडखळली तर अडखळू द्या, पण खांबाकडे वळू नका.

आज सकाळीही अण्णांनी रंगांची पट्टी काढली. लाल अजून चांगला येतो. निशिगंधा, तू कधी आपणहून फोटो घेऊन आलीस, तर एका फलकापुरता तो लाल मी राखून ठेवला आहे. आणि नाही आलीस, तरी तो दुसऱ्या कशाला वापरणार नाही.